ग्रंथपालांचे गुरू : डॉ. रंगनाथन

प्रथम वर्षी मी ग्रंथालयात केवळ क्रमिक पुस्तकांसाठी जात असे. एकदा ग्रंथपाल सरांनी मला विचारले, की याआधी तू काय वाचलेस? मला उत्तर देता येईना. सर रागावले नाहीत. त्यांनी कपाटातून एक कथासंग्रह काढून हाती ठेवला. ही रीत कुणाची, याचा शोध घेताना मला शियाळी रामामृत रंगनाथन भेटले.

१८९२ साली तमिळनाडूतील शियाळी येथे जन्मलेले रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पण तेथील एकांताला कंटाळून वर्गात परतू पाहत होते. शिक्षणासाठी लंडनला गेले, तेथील गजबजलेली ग्रंथालये पाहिली आणि त्यांचे मन पालटले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ व प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, हा त्यांचा गाभा. १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती आली. १९७२ मध्ये बंगळूर येथे ते निवर्तले.

आज संगणकावर ‘ओपन लायब्ररी’सारखी साधने ग्रंथपालांच्या दिमतीला आहेत. लेखक वा विषय सांगितला, की पुस्तकांची यादी क्षणात समोर येते. पण मला त्या दिवशी सांगण्यासारखे काहीच नव्हते. माझी खाली गेलेली मान सरांनी पाहिली, म्हणून मी वाचक झालो.