डोंगर फोटोत लहान का होतो?

गेल्या वर्षी सोसायटीची सहल भंडारदऱ्याला गेली, तेव्हा ग्रुपवर ढिगाने फोटो आले. फोटो छान होते, पण प्रत्यक्षात अंगावर येणारा डोंगर फोटोत टेकडीएवढा! खापर आपण मोबाइलवर फोडलं. मला मात्र अमेरिकेचे छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स आठवले. डोंगर मनाला भिडतो तसा कागदावर उतरवायचा कसा, यातच या माणसाचं आयुष्य गेलं.

जन्म २० फेब्रुवारी १९०२, सॅन फ्रान्सिस्को. १९०६ च्या मोठ्या भूकंपानंतरच्या धक्क्याने बागेतल्या भिंतीवर आपटले आणि नाक वाकडं झालं ते कायमचं. शाळेत मन रमेना, म्हणून वडिलांनी घरीच शिकवायची सोय केली. पियानोवर मात्र जीव. १९१६ साली घरचे सगळे योसेमिटीच्या दरीत फिरायला गेले, तिथे आईवडिलांनी हातात साधा कोडॅकचा बॉक्स कॅमेरा दिला. हाफ डोम नावाचा, मधोमध कापल्यासारखा कडा टिपायला पोरगं झाडाच्या कुजक्या बुंध्यावर चढलं. बुंधा ढासळला आणि पडता पडता बटण दाबलं गेलं. फोटो उलटा आला! पण योसेमिटीचं वेड लागलं ते लागलंच.

१० एप्रिल १९२७. पाठीवर अवजड कॅमेरा आणि बारा काचेच्या प्लेटा घेऊन, होणारी पत्नी व्हर्जिनिया आणि मित्रांसोबत ते बर्फातून हाफ डोमच्या बाजूच्या एका उंच जागी चढले. कड्याच्या फोटोची वेळ आली तेव्हा प्लेटा उरल्या होत्या दोन. पहिली पिवळा फिल्टर लावून घेतली. मग लक्षात आलं, यात आकाश फिकट येणार, कडा नुसता दगड दिसणार. पाहताना छातीत धस्स झालं होतं ते काही येणार नाही. शेवटच्या प्लेटीला गडद लाल फिल्टर लावला. लाल काच निळा प्रकाश अडवते. कृष्णधवल फोटोत आकाश जवळजवळ काळं आलं आणि त्यापुढे कडा उभा राहिला. बटण दाबण्याआधी तयार फोटो मनात पाहायचा, ही त्यांची पद्धत इथून सुरू झाली.

लेन्सचंही तसंच. आपण असू तिथूनच दोन बोटांनी झूम करतो. ॲडम्स आधी उभं राहायची जागा शोधत, कारण मागच्या डोंगरापुढे जवळचं झाड केवढं दिसणार हे जागेवर ठरतं. त्यातलं किती चौकटीत घ्यायचं, ते लेन्सवर. रुंद कोनाच्या लेन्समध्ये सगळं मावतं, पण लांबचा डोंगर चिमुकला होतो. (मोबाइलची नेहमीची लेन्स रुंदच असते, बरं का!)

१९४१ च्या नोव्हेंबरात न्यू मेक्सिकोत संध्याकाळी गाडीने परतताना हर्नांडेझ गावावर त्यांना चंद्र उगवलेला दिसला. खाली दफनभूमीतले पांढरे क्रॉस मावळत्या उन्हात चमकत होते. गाडी थांबवून नुसती धावपळ. प्रकाशमापक काही सापडेना. त्यांच्या लेन्सचे भाग काढून-घालून तिचा पल्ला तीन प्रकारे बदलता येई. त्यांनी लांब पल्ल्याची, २३ इंची लावली. नाहीतर चंद्र ठिपक्याएवढा झाला असता. चंद्राची प्रखरता पाठ होती, त्यावरून मनात हिशेब केला. एकच फोटो मिळाला. दुसऱ्याची तयारी होईपर्यंत क्रॉसवरचं ऊन गेलं होतं.

१९४४ मध्ये लोन पाइनला तर एका घोड्याने परीक्षा पाहिली. मागे शिखरांवर पहिलं ऊन, मध्ये काळोखी टेकडी, पुढे कुरणात उन्हाचा पट्टा, आणि घोडा पाठ फिरवून चरतोय! कडाक्याच्या थंडीतल्या आदल्या काही पहाटा वाया गेल्याच होत्या. शेवटी घोडा बाजूला वळला आणि काम झालं.

हा नुसता छंद नव्हता. सिएरा नेवाडाच्या फोटोंचं त्यांचं १९३८ चं पुस्तक राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोचलं. १९४० मध्ये तिथे किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झालं, त्याला या फोटोंचाही हातभार लागला.

२२ एप्रिल १९८४ ला ॲडम्स गेले. पुढच्याच वर्षी योसेमिटीच्या परिसरातल्या एका शिखराला त्यांचं नाव मिळालं.