देवळालीचे कापरेकर सर



आपल्या गावाचे नाव गणितात कायमचे कोरून ठेवणारे शाळामास्तर क्वचितच सापडतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांपैकी एक. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून होते व त्यांना ज्योतिषाचा नाद होता. त्यांची आकडेमोड पाहूनच दत्तात्रयाला अंकांची गोडी लागली. ठाण्यात शाळा, पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, १९२७ साली गणितासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक आणि १९२९ साली बी.एस्सी. असे त्यांचे शिक्षण झाले. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षकाची नोकरी केली.

पुढची मोठी पदवी त्यांच्याकडे नव्हती. एक संख्या घ्यायची, तिच्यावर क्रिया करून पाहायची, काही हाती लागले नाही तर दुसरी घ्यायची, हीच त्यांची प्रयोगशाळा.

त्यांचाच एक खेळ करून पाहू. त्यांचे जन्मवर्ष १९०५ घ्या. अंक उतरत्या क्रमाने लिहा, ९५१०. चढत्या क्रमाने लिहा, ०१५९. वजाबाकी ९३५१. आता ९३५१ वर हीच क्रिया करा. क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४ येते. पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे पोहोचते. म्हणून ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

यात एक गंमत आहे. मध्येच एखादी वजाबाकी चुकली, तरी शेवटी बहुधा ६१७४ च येते! म्हणजे उत्तर जुळले म्हणून रीत बरोबर असेलच असे नाही. आपली प्रत्येक पायरी आपणच तपासायची असते.

त्यांचा दुसरा शोध स्वयंभू संख्यांचा. १५ मध्ये तिचेच अंक १ आणि ५ मिळवले की २१ मिळतात. म्हणून १५ ही २१ ची जननी. पण २० ची जननी शोधा. १४ वरून १९ येतात, १५ वरून एकदम २१. एकेक संख्या तपासा, सगळे प्रयत्न फसतात आणि ते सगळे फसले म्हणूनच २० स्वयंभू ठरते. अशा संख्यांना देवळाली संख्या असेही नाव आहे.

अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम क्षुल्लक मानले. तरीही ते स्वखर्चाने परिषदांना जात व लेख छापत. निवृत्तिवेतन पुरेना, तेव्हा शिकवण्या केल्या. १९६६ साली पत्नी वारल्या. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि जगाचे लक्ष गेले. तोवर कापरेकर सत्तरीला आले होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

आपल्या बिदर-कलबुर्गी भागातील मुले घरी मराठी, बाजारात कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी अशी कसरत रोज करतात. चुकत चुकतच ती कन्नड बोलू लागतात, तेव्हा त्यांना कोणी हसत नाही. गणिताच्या वहीत मात्र खोडरबर लगेच पुढे येतो. पालकांना विनंती, ती खाडाखोड राहू द्या. मूल कुठे अडले आणि कसे सुटले, हे आम्हा शिक्षकांना तिथेच कळते.

मुलांनो, तुमचे जन्मवर्ष घेऊन ६१७४ गाठा. लहान वर्गांनी तीन अंकी संख्या घ्यावी, ४९५ भेटेल. मग दोन अंकी संख्येवर करून पाहा. तिथे काय होते, ते मात्र मी सांगणार नाही. वहीत करा आणि गणिताच्या तासाला घेऊन या.