वर्गणी मागायला निघालेला बेंजामिन

गणपतीच्या आधी सोसायटीचं पावतीपुस्तक घेऊन तुम्ही कधी चार मजले चढला असाल, तर पुढची गोष्ट तुम्हाला लगेच कळेल. बेल वाजवली की दार अर्धंच उघडतं. आतला माणूस पावतीपुस्तकाकडे बघत नाही, आधी तुमच्याकडे बघतो. हा कोण? याला पुढे पुढे करायची एवढी हौस का? दोन वर्षं हे काम केल्यामुळे ती नजर मला पाठ आहे. १७३१ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात पंचवीस वर्षांच्या एका मुद्रकाने हीच नजर झेलली. तो वर्गणी मागत होता वाचनालयासाठी. त्याचं नाव बेंजामिन फ्रँकलिन.

हो, तोच. शंभर डॉलरच्या नोटेवरचा, पतंगवाला. पण वीज आणि अमेरिकेचं स्वातंत्र्य हे सगळं नंतरचं. आधी तो पुस्तकं न परवडणारा मुलगा होता.

१७ जानेवारी १७०६ ला बॉस्टनमध्ये जन्म. वडील मेणबत्त्या आणि साबण बनवायचे, सतरा भावंडांत हा पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षं. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी सुरू झाली. वाचनाचं वेड होतं, खिशात दमडी नव्हती. मग पठ्ठ्याने पुस्तकांच्या दुकानात काम करणाऱ्या पोरांशी दोस्ती केली. संध्याकाळी पुस्तक हळूच घरी आणायचं, रात्र जागून संपवायचं आणि सकाळी कुणाच्या लक्षात यायच्या आत परत द्यायचं. सोळाव्या वर्षी त्याने मांस खाणं सोडलं आणि भावाला सांगितलं, माझ्या जेवणावर जो खर्च करतोस त्याच्या निम्मेच पैसे दे, माझं मी बघतो. त्यातलेही निम्मे वाचवून तो पुस्तकं घ्यायचा. मेस बंद करून पैसे वाचवणारे आपल्यातही आहेत, ते पैसे कुठे जातात हे मात्र विचारू नका.

भावाशी पटेना. १७२३ मध्ये, सतराव्या वर्षी तो पळाला. जहाजाच्या भाड्यासाठी त्याच पुस्तकांतली काही विकली. फिलाडेल्फियात स्थिरावायच्या आधी लंडनलाही जाऊन आला. तिथे राहत्या घराशेजारी जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. दुकानदाराशी बोलून त्याने ठरवून टाकलं की थोडे पैसे द्यायचे, पुस्तक न्यायचं, वाचून परत करायचं. आज साधी वाटणारी ही सोय तेव्हा त्याला स्वतः जमवावी लागली.

१७२७ मध्ये फिलाडेल्फियात त्याने मित्रांचं एक मंडळ जमवलं. नाव 'जंटो'. दर शुक्रवारी संध्याकाळी भेटायचं, एखादा विषय घ्यायचा, वाद घालायचा. या ग्रुपमध्ये कोण कोण होतं बघा: काचा बसवणारा, चांभार, सुतार, दस्तऐवजांच्या नकला करणारा, छापखान्यातली दोन-तीन पोरं. पैसेवाला असा एखाददुसराच. वाद घालताना कुणीतरी पुस्तकाचा दाखला द्यायचा आणि ते पुस्तक नेमकं घरी असायचं. मग फ्रँकलिनने सुचवलं, सगळ्यांनी आपापली पुस्तकं एका खोलीत आणून ठेवूया.

आणली. वर्षभरात प्रयोग फसला. पुस्तकं अपेक्षेपेक्षा कमी जमली, त्यांची नीट काळजी कुणी घेईना, शेवटी ज्याने त्याने आपली पुस्तकं उचलून घरी नेली. ग्रुप प्रोजेक्ट केलेल्या कुणालाही याचं आश्चर्य वाटणार नाही.

इथे तो थांबला असता तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. त्याने दुसरा बेत आखला. आहेत ती पुस्तकं गोळा करायची नाहीत, पैसे गोळा करायचे आणि नवी पुस्तकं सगळ्यांच्या मालकीची ठेवायची. १ जुलै १७३१ ला रीतसर करारपत्र तयार झालं. प्रत्येकाने सुरुवातीला चाळीस शिलिंग द्यायचे, म्हणजे दोन पौंड, आणि पुढे दरवर्षी दहा शिलिंग. संस्थेचं नाव 'लायब्ररी कंपनी'. आता हवे होते पन्नास सभासद.

पन्नास हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण त्या शहरात वाचणारे मोजके, आणि वाचणाऱ्यांतले बहुतेक गरीब. फ्रँकलिन दारोदार फिरू लागला, लोक हात आखडता घेऊ लागले. आणि त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. पैशांपेक्षा मोठी अडचण तो स्वतः होता! एखाद्या चांगल्या कामाची कल्पना माझी आहे असं कुणी सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटतं, याला आपल्यापेक्षा मोठं व्हायचंय आणि त्यासाठी मदत मात्र आपली हवी. मग त्याने भाषा बदलली. ही काही मित्रांची योजना आहे, वाचनाची आवड असणाऱ्यांना भेटून ये असं त्यांनी मला सांगितलंय, एवढंच तो म्हणायला लागला. काम सरकलं. पुढे प्रत्येक वर्गणीच्या वेळी त्याने हीच युक्ती वापरली. आता यात थोडी चलाखी आहेच. कल्पना त्याचीच होती आणि मित्र आडोशाला होते. पण या चलाखीत श्रेय त्याने स्वतःचंच सोडलं होतं, म्हणून मला ती खटकत नाही.

पन्नास जण जमले, बहुतेक तरुण कारागीर आणि व्यापारी. मार्च १७३२ मध्ये ४५ पौंड आणि पुस्तकांची यादी लंडनला रवाना झाली. तिथे पीटर कॉलिन्सन नावाच्या व्यापाऱ्याने खरेदीचं काम अंगावर घेतलं. शरद ऋतूत पेट्या आल्या. इतिहास, भूगोल, विज्ञान, शब्दकोश. बहुतेक सगळं इंग्रजीत, म्हणजे लॅटिन न शिकलेल्या कारागिराला वाचता येईल असं. वाचनालय आठवड्यातून दोनदाच उघडायचं, बुधवारी तासभर आणि शनिवारी बराच जास्त वेळ. काही महिने फ्रँकलिन स्वतःच ग्रंथपाल होता. त्याच्यानंतर ती जागा बारा वर्षं सांभाळली विल्यम पार्सन्सने, जंटोमधल्या त्या चांभाराने.

या वर्गणीतून काय काय निघालं, त्याचा हिशोब अवघड आहे. कॉलिन्सनने पुढे पुस्तकांसोबत एक काचेची नळी पाठवली. ती घासली की स्थिर वीज तयार व्हायची. तिच्यावर प्रयोग करता करता फ्रँकलिन विजेच्या नादाला लागला आणि १७५२ च्या पतंगापर्यंत पोचला. शाळेत न मिळालेलं शिक्षणही त्याने याच वाचनालयाच्या आधारे, रोज तास-दोन तास अभ्यास करून भरून काढलं.

वर्गणी मागण्यात तो पुढे इतका तयार झाला की १७५१ मध्ये रुग्णालयासाठी त्याने विधानसभेलाच कोड्यात टाकलं. लोकांनी दोन हजार पौंड जमवले तर सरकारने तेवढेच द्यायचे, असा ठराव त्याने करून घेतला. लोकांकडून एवढे जमणारच नाहीत अशी सभासदांची खात्री, म्हणून फुकटचं पुण्य समजून त्यांनी होकार दिला. लोकांना मात्र तो सांगू लागला की तुमचा प्रत्येक पौंड दुप्पट होणार आहे. पैसे जमले.

सगळं गोड नव्हतं. चाळीस शिलिंग मजुराच्या आवाक्याबाहेर होते, पहिल्या पन्नासांत एकही बाई नव्हती. आणि वाचनाने माणूस मोकळा होतो हे अंगावर अनुभवलेल्या फ्रँकलिनच्या घरात गुलाम होते. गुलामगिरीविरोधी संघटनेचा अध्यक्ष तो झाला १७८७ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी.

त्याआधी, १७७८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाने त्याचं नाव घेतलं आणि पुढे चर्चसाठी एक घंटा मागितली. त्याने घंटेऐवजी पुस्तकं पाठवली. १७९० मध्ये गावसभेने ठरवलं, ती सगळ्या गावाने फुकट वाचायची.

१७८९ मध्ये लायब्ररी कंपनीची स्वतःची इमारत उभी राहू लागली. कोनशिलेवरचा मजकूर लिहून द्या म्हणून मंडळी फ्रँकलिनकडे गेली. तो तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचा होता, आजारी होता आणि जगभर ओळखला जात होता. त्याने लिहून दिलं की हे वाचनालय १७३१ मध्ये फिलाडेल्फियाच्या तरुणांनी, बहुतेक कारागिरांनी, आनंदाने सुरू केलं. स्वतःचं नाव घातलंच नाही. दगडावर कोरायच्या आधी समितीने ते आपल्या हाताने मजकुरात टाकलं.