११ फुटांचं यान ९४७ फुटांचं कसं वाटलं?

पडद्यावरचं अवकाशयान किती मोठं आहे, हे प्रेक्षकाला कळतं तरी कसं? 'स्टार ट्रेक'च्या एंटरप्राइज यानाचे रचनाकार मॅट जेफरीज यांच्या कामात याचं उत्तर सापडतं.

१९२१ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जन्मलेले जेफरीज दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानांवर होते. पुढे ते हॉलिवूडमध्ये कलादिग्दर्शक झाले, पण विमानांचं वेड सुटलं नाही. यंत्रांची दुरुस्ती आतूनच करता यावी, या विचाराने त्यांनी १९६४ मध्ये यानाचं बाहेरचं अंग गुळगुळीत ठेवलं. त्यामुळे आकाराचा अंदाज देणाऱ्या खुणा मोजक्याच उरल्या: खिडक्यांचे ठिपके आणि तबकडीवरचा इवलासा घुमट. कॅप्टन आणि त्याचे सहकारी याच घुमटात बसतात, हे लक्षात आलं की यान एकदम अवाढव्य वाटू लागतं.

यानाची लांबी ठरली ९४७ फूट. चित्रीकरणाचं मोठं मॉडेल मात्र जेमतेम ११ फुटांचं. म्हणजे मॉडेलवरचा एक इंच यानावर सुमारे ७ फूट, माणसाच्या उंचीहून जास्त!

जेफरीज २००३ मध्ये गेले. ते मॉडेल १९७४ पासून स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. कधी पाहायला मिळालं, तर आधी तो घुमट शोधा.