लंडनच्या ग्रंथालयात भीमराव

लंडन शहराच्या ब्लूम्सबरी भागात ब्रिटिश म्युझियमची भव्य वास्तू उभी आहे. प्राचीन मूर्ती, शिलालेख व नाणी पाहण्यासाठी तेथे जगभरातून लोक येतात. परंतु या वास्तूच्या मधल्या चौकात १८५७ साली एक गोल वाचनगृह उघडण्यात आले, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे विद्वानांची पावले वळत ती मुख्यतः त्या वाचनगृहाकडे. त्याच्या घुमटाचा व्यास १४० फूट आहे. घुमटाखाली मध्यभागी अधिकाऱ्याचे आसन असे, त्याच्याभोवती ग्रंथसूचीचे गोलाकार कप्पे असत, आणि तेथून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे वाचकांच्या मेजांच्या रांगा निघत. कार्ल मार्क्सने आपल्या ग्रंथासाठी याच घुमटाखाली वर्षानुवर्षे टिपणे काढली.

येथील रीत आपल्या गावातील वाचनालयाहून वेगळी होती. पुस्तक घरी नेण्याची कोणालाही परवानगी नसे. वाचकाने प्रवेशपत्र मिळवायचे, सूचीत ग्रंथाचा क्रमांक शोधायचा, तो आपल्या आसनाच्या क्रमांकासह चिठ्ठीवर लिहायचा आणि वाट पाहायची. सेवक आतील दालनांतून ग्रंथ आणून मेजावर ठेवीत असत. ब्रिटनमध्ये छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत या संग्रहाला दिलीच पाहिजे, असा तेथे कायदा होता. त्यामुळे अन्यत्र कोठे न मिळणारे पुस्तकही येथे बहुधा मिळे.

१९२० साली या ग्रंथालयात एक हिंदी विद्यार्थी नित्य येऊ लागला. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. वय एकोणतीस वर्षांचे. त्या वयात बहुतेकांचे शिक्षण संपलेले असते. भीमरावांचेही एका अर्थी झाले होते. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी त्यांनी १९१५ सालीच मिळवली होती. तरीही पत्नीला व मुलाला मुंबईत ठेवून ते पुन्हा विद्यार्थी झाले होते. याचे कारण समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्म झाला, एवढाच त्यांचा अपराध. पुढे हे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले. वडील रामजी सुभेदार यांचे निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. परंतु मुलाने पुस्तक मागितले आणि ते मिळाले नाही, असे सहसा घडत नसे. जवळ पैसे नसले, तर रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जाऊन उसने आणीत; प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवीत. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीमुळे भीमराव १९१३ साली न्यूयॉर्कला आणि १९१६ साली लंडनला गेले. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. ते महायुद्धाचे दिवस होते. भीमराव एका जहाजाने निघाले, त्यांचे सामान व पुस्तके दुसऱ्या जहाजाने. भीमराव सुखरूप पोहोचले. पुस्तकांचे जहाज मात्र टॉर्पेडो लागून बुडाले.

लंडनच्या विद्यापीठाने अभ्यास पुन्हा सुरू करण्यास चार वर्षांची सवलत दिली होती. ती मुदत भीमरावांच्या मनात सतत टोचत होती. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्यार्थी त्यांची व्याख्याने मन लावून ऐकत. परंतु प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातील पाणी त्यांनी प्यावे, हे काही सहकाऱ्यांना रुचले नाही. भीमरावांनी वेतनातून जमेल तेवढी रक्कम शिल्लक टाकली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दीड हजार रुपये दिले. नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजारांचे कर्ज दिले. एवढ्या बळावर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा विलायतेला निघाले.

आता हाती असलेला पैसा आणि उरलेले दिवस यांचा मेळ घालायचा होता. भीमराव पहाटे सहाला उठत. घरमालकीण देई तो पावाचा तुकडा, थोडा मुरंबा आणि चहा घेऊन ते ग्रंथालयाची वाट धरीत. भाडे वाचावे म्हणून ते पुष्कळदा पायीच जात. दुपारचे जेवण त्यांनी वगळलेच होते. वाचनगृह बंद होण्याची वेळ झाली, की सर्वांच्या मागून उठणाऱ्यांत ते असत; तेव्हा त्यांचे खिसे टिपणांच्या कागदांनी फुगलेले असत. रात्रीचे जेवणही बेताचेच असे. दहाच्या सुमारास भूक असह्य झाली, की ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेले चार पापड भाजून ते कपभर दुधाबरोबर खात आणि पुन्हा वाचीत बसत. आता झोपा, असा आग्रह खोलीतील सोबत्याने केला, तर आपल्यापाशी पैसाही नाही आणि वेळही नाही, असे ते सांगत. या उपासांचे पुढे लोकांनी फार कौतुक केले. परंतु ती काही हौसेची तपश्चर्या नव्हती. एका जेवणाचे पैसे वाचले, तर लंडनमधील मुक्काम तेवढाच लांबत होता.

एवढे करून त्यांना शोधायचे तरी काय होते? त्यांच्या प्रबंधाचा विषय होता रुपया. हिंदुस्थानचा रुपया चांदीचा आणि इंग्लंडचे चलन सोन्याचे. एका देशाचे नाणे देऊन दुसऱ्या देशाचे घेण्याच्या भावाला हुंडणावळ म्हणतात. १८७३ नंतर चांदी स्वस्त होत गेली आणि हुंडणावळीत रुपयाची किंमत घसरू लागली. शेवटी १८९३ साली सरकारने लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे बंद केले, आणि पुढे पंधरा रुपयांस एक पौंड असा भाव ठरवून टाकला. ही व्यवस्था उत्तम आहे, असे केन्ससारख्या नामांकित इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचेही मत होते. भीमरावांना मात्र शंका होती. सरकारचे लक्ष केवळ हुंडणावळीवर आहे. टाकसाळीतून किती रुपये बाहेर पडावेत यावर पक्के बंधन नाही. रुपये वाढले की महागाई वाढते, आणि मजुराची मजुरी काही तेवढ्या वेगाने वाढत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

हे सिद्ध करण्यास पुरावा हवा, आणि तो बराचसा राज्यकर्त्यांच्याच कागदांत होता. ब्रिटिश म्युझियमखेरीज लंडनमध्ये इंडिया ऑफिसचे ग्रंथालय होते. ईस्ट इंडिया कंपनीने ते १८०१ साली स्थापले होते. भीमराव तेथेही बसत. टाकसाळींचे अहवाल, चौकशी समित्यांपुढील साक्षी, जमाखर्चाचे तक्ते, पार्लमेंटपुढे ठेवलेली कागदपत्रे असा तो रुक्ष मजकूर. ज्यांच्या धोरणावर टीका करायची, त्यांनीच जपून ठेवलेले दप्तर चाळून हा विद्यार्थी आपले आकडे गोळा करीत होता. वाचकाचे प्रवेशपत्र दाखवले की पुरे. त्याने कोठे बसावे व कशाला हात लावावा, हे त्याची जात पाहून तेथे कोणी ठरवीत नव्हते.

१९२१ साली त्यांना एम. एस्सी. पदवी मिळाली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये रुपयावरचा मोठा प्रबंध विद्यापीठाकडे गेला. त्याच काळात बॅरिस्टरीचा अभ्यासही त्यांनी पुरा केला होता. परंतु मार्च १९२३ मध्ये प्रबंध परत आला; तो पुन्हा लिहून द्यावा, असे त्यांना कळवण्यात आले. ब्रिटिश राज्यकारभारावरील त्यातील टीका परीक्षकांना कडवट वाटली, असे चरित्रकार सांगतात. पैसे संपले होते. आणखी एक हंगाम लंडनमध्ये काढणे शक्यच नव्हते. एप्रिलमध्ये भीमराव मुंबईला परतले. तेथे ब्रिटिश म्युझियम हाताशी नव्हते. तरीही मूळ निष्कर्ष न सोडता त्यांनी प्रबंधाची फेरमांडणी केली आणि तो टपालाने लंडनला पाठवला. या वेळी तो स्वीकारला गेला व त्यांना डी. एस्सी. ही पदवी मिळाली.

डिसेंबर १९२३ मध्ये हा प्रबंध लंडनच्या प्रकाशकाने ग्रंथरूपाने छापला. भीमरावांचे गुरू प्राध्यापक कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, आणि शिष्याची बहुतेक मते आपल्याला पटत नाहीत हेही तीत मोकळेपणाने नमूद केले. ग्रंथ भीमरावांनी आपल्या दिवंगत मातापित्यांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. लंडनला छापलेला असल्यामुळे कायद्याप्रमाणे त्याची एक प्रत ब्रिटिश म्युझियमला द्यावी लागणार होती. १९९७ साली ते गोल वाचनगृह बंद होऊन तेथील ग्रंथ सेंट पँक्रास येथील ब्रिटिश लायब्ररीच्या नव्या इमारतीत हलवण्यात आले. इंडिया ऑफिसचा संग्रहही आता त्याच लायब्ररीच्या ताब्यात आहे.