अंगणात आलेली शाळा

मैत्रिणींनो, परवा आमच्या घरी छोटंसं महाभारत झालं. माझी साडेतीन वर्षांची नात पेन्सिल फेकून देऊन बाजेखाली जाऊन बसली. सूनबाई तिच्याकडून ए बी सी डी गिरवून घेत होती. शेजारच्या मुलाला वीसपर्यंत आकडे लिहिता येतात आणि आपलीला अजून उभी रेघ जमत नाही, हा तिच्या जिवाला घोर.

मी गप्प बसले. बोलायला तोंड कुठं होतं मला? तीस-बत्तीस वर्षांपूर्वी याच चौसाळ्यात, याच घरात, मी माझ्या थोरल्याला असंच बसवायचे, तेही हातात पट्टी घेऊन. चौथ्या वर्षी त्याला शंभरपर्यंत पाठ होतं. आल्यागेल्यासमोर म्हणून दाखवायला लावायचे. पण पहिलीत गेल्यावर शाळा म्हटलं की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. ती भीती त्याच्या मनातून दहावीपर्यंत गेली नाही. दोष शाळेचा नव्हता, माझ्या पट्टीचा होता. हे मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. कळलं ते ताराबाई मोडकांविषयी वाचताना. म्हणून आज त्यांचीच गोष्ट सांगते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव केळकर. घर सुधारक विचारांचं, प्रार्थना समाजाचं. मुलींनी चार बुकं शिकणंसुद्धा नवल होतं त्या काळात, १९१४ साली, त्या बी.ए. झाल्या. लग्न होऊन अमरावतीला गेल्या. यजमान वकील. पण संसार काही टिकला नाही. लहानगी मुलगी पदरात घेऊन त्या वेगळ्या झाल्या. आज एवढ्या वर्षांनी आपल्याकडे अशा बाईला लोक काय काय बोलतात, हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा काय झालं असेल, विचार करा.

पण ताराबाई रडत बसल्या नाहीत. राजकोटच्या बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. मानाची जागा, चांगला पगार. तिथं असताना त्यांना गिजुभाई बधेका यांच्या कामाविषयी कळलं. गिजुभाई मूळचे वकील. भावनगरला लहान मुलांसाठी ते बालमंदिर चालवत होते. न मारता, न रागावता, गोष्टी-गाण्यांतून आणि हातानं काम करत मुलं तिथं शिकत होती. ताराबाईंनी चांगली चालती नोकरी सोडली आणि १९२३ मध्ये भावनगर गाठलं. लोकांना वेडेपणा वाटला असेल. पुढची नऊ-दहा वर्षं त्या तिथं राबल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. नंतर मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार चालवलं, बालशिक्षिका तयार केल्या, पालकांसाठी लिहीत राहिल्या.

इथवर ऐकून वाटेल, हे सगळं शहरातल्या खाऊन-पिऊन सुखी घरांचं झालं. ताराबाईंनाही तीच टोचणी होती. माँटेसोरीबाईंची पद्धत चांगली, पण तिची साधनं महाग. खेड्यातल्या गरिबाच्या पोरानं काय करायचं? म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. हे समुद्रकाठचं गाव डहाणू तालुक्यात आहे, आता पालघर जिल्ह्यात. सोबतीला आल्या अनुताई वाघ. त्यांचीही कहाणी काळीज हलवणारी. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. तरी त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि बोर्डीला आल्या त्या ताराबाईंच्या होऊनच राहिल्या.

बोर्डीत बालवाडी तर काढली, पण हरिजनवाड्यातली मुलं येईनात. मग ताराबाईंनी जे केलं, ते आज आपल्या गल्लीगल्लीत दिसतं. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची! वस्तीवर जायचं, अंगण झाडायचं, मुलांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे आणि तिथंच खेळ, गाणी, गोष्टी सुरू करायच्या. त्याचंच नाव अंगणवाडी. महागड्या साधनांच्या जागी खडे, बिया, शिंपले, पानं-फुलं आली. मोजायला चिंचोके असले की झालं, त्याला दुकानात कशाला जायला हवं?

१९५७ मध्ये, पासष्टीला आल्यावर, त्या कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये राहायला गेल्या. तिथं नवीच अडचण. मोठी मुलं शाळेत का येत नाहीत, तर त्यांच्या कडेवर धाकटं भावंड आणि पुढ्यात गुरं. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि मोठी ताई आपल्या वर्गात. तिला म्हणतात विकासवाडी. गुराख्या पोरांसाठी तर शाळा कुरणावरच भरवली.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. कोसबाडचं काम पुढं अनुताईंनी १९९२ पर्यंत, आपल्या शेवटच्या दिवसापर्यंत, सांभाळलं. ताराबाई गेल्यावर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला.

आता परत माझ्या नातीकडे येते. ताराबाईंच्या कामातून मी एक गोष्ट शिकले. शाळेची तयारी म्हणजे अक्षरं नव्हेत. अक्षरं धरणारी बोटं आधी तयार व्हावी लागतात. कणकेचा गोळा मळणं, शेंगा सोलणं, बटण लावणं, एका फुलपात्रातून दुसऱ्यात न सांडता पाणी ओतणं, हा पेन्सिलीच्या आधीचा अभ्यास. डाळीतून चिंचोके वेगळे करणं, पाच ताटांना पाच वाट्या लावणं, हे गणित. गोष्ट शेवटपर्यंत ऐकणं आणि मग आपल्या शब्दांत सांगणं, हे वाचनाचं पहिलं पाऊल. आपली पाळी येईपर्यंत थांबणं आणि आईचा पदर सोडून तासभर रमणं, हीसुद्धा तयारीच. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात हेच आलंय. मेंदूची पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, आणि या वयात खेळातून शिकवावं, असं ते धोरण सांगतं.

आणि बायांनो, आपल्या बीड जिल्ह्याला तर कोसबाडची अडचण नवी नाही. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची गाडी आली की कोयत्यासोबत लेकरंही जातात. मोठी पोर कोपीवर धाकट्याला सांभाळते. इकडची अंगणवाडी सुटते आणि उसाच्या फडात दुसरी मिळेलच असं नाही. पाच-सहा महिन्यांनी परत येतात, तोवर शिकलेली गाणी विसरलेली असतात. या लेकरांना आपण मठ्ठ म्हणतो. ती मठ्ठ नसतात हो, त्यांच्या वाट्याची शाळा त्यांच्या अंगणात पोचलेली नसते, एवढंच.

आमच्या गल्लीत अशी दोन लेकरं यंदा आजीजवळ मागं राहिलीत. सकाळी ती अंगणवाडीत जातात. संध्याकाळी मी आमच्या अंगणात बसते, नात आणि ती दोघं. चिंचोके, बांगड्यांच्या काड्या नकोत म्हणून ज्वारीच्या ताटाचे तुकडे, आणि एक गोष्ट. फार काही करत नाही मी. पहिले दोन दिवस सूनबाई दारातूनच बघत होती. परवा स्वतः गोष्ट सांगायला बसली. पेन्सिल सध्या फडताळात आहे. नातीला हवी असेल तेव्हा ती मागेल.

थोरला परवा फोनवर होता. त्याला हे सांगितलं तर तो जरा वेळ बोललाच नाही. मग त्यानं विचारलं, ती पट्टी अजून घरात आहे का. मी सांगितलं, कधीच चुलीत घातली. खरं तर ती माळ्यावर होती. फोन ठेवल्यावर काढली आणि घातली चुलीत.