बाबासाहेबांचे आजारपण आणि आमची बेफिकिरी

६ डिसेंबर जवळ आला की नाशिकच्या वस्त्यावस्त्यांतून चैत्यभूमीकडे निघण्याची तयारी सुरू होते. अभिवादन सभांतून एक गोष्ट हमखास सांगितली जाते. बाबासाहेब रात्र रात्र जागले, अर्धपोटी राहिले, म्हणून आज आपण माणूस म्हणून उभे आहोत. हे शंभर टक्के खरे आहे. पण ज्या शरीराने हे सारे सोसले, त्या शरीराचे पुढे काय झाले, हे आम्ही सांगत नाही. ते सांगण्याची वेळ आली आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला भीमराव १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेला. तेथे आणि पुढे लंडनमध्ये पोटाला चिमटा घेऊन त्यांनी ग्रंथ घेतले, ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत अभ्यास केला. मायदेशी परतल्यावर वकिली, प्राध्यापकी, वृत्तपत्र आणि चळवळ अशी चार माणसांची कामे एकट्याने अंगावर घेतली. घरात चार लेकरे दगावली. २ मार्च १९३० रोजी आमच्या नाशिकमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा ते एकोणचाळिसाव्या वर्षात होते. रामनवमीच्या रथाच्या वेळी सनातन्यांनी सत्याग्रहींवर दगडफेक केली. हा लढा पाच वर्षे चालला. २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची ऐतिहासिक घोषणा केली. तेव्हा त्यांचे वय होते चव्वेचाळीस. आज आमच्यापैकी अनेक कार्यकर्ते याच वयाचे आहेत.

शरीर तरुणपणी सारे उधार देते आणि उतारवयात वसुली काढते. बाबासाहेबांना मधुमेहाने गाठले. त्यामागोमाग रक्तदाब, संधिवात आणि न्यूरायटिस. मधुमेह हा आवाज न करणारा रोग आहे. रक्तातली वाढलेली साखर वर्षानुवर्षे बारीक रक्तवाहिन्या आणि नसा पोखरते. पायांची आग होते, झोप उडते, जखमा भरत नाहीत, दृष्टी मंदावते. इन्सुलिनचा शोध १९२१ साली कॅनडात लागला होता, पण त्या काळी ते जनावरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई आणि काहींना त्याचीच अॅलर्जी येई. घरच्या घरी रक्तातली साखर तपासण्याचे यंत्रही तेव्हा नव्हते.

अशा शरीराने त्यांनी देशाचे संविधान लिहिले. २१ फेब्रुवारी १९४८ रोजी मसुदा सादर झाला. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला मसुदा समितीचेच सदस्य टी. टी. कृष्णम्माचारी यांनी संविधान सभेत वस्तुस्थिती मांडली. सात सदस्यांपैकी एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत गेले, एक संस्थानी कारभारात गुंतले. एकदोघे दिल्लीपासून दूर राहिले आणि बहुधा प्रकृतीच्या कारणाने येऊ शकले नाहीत. सारा भार पडला तो बाबासाहेबांवर. म्हणजे ज्यांनी प्रकृतीचे कारण सांगायला हवे होते, त्यांनीच ते सांगितले नाही! मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या आणि चर्चेला उत्तर द्यायला उभे राहणारा मुख्य माणूस आजारी होता.

पण बाबासाहेबांनी शरीराची हेळसांड हे कधी भूषण मानले नाही, आणि आमचा मुद्दा नेमका हाच आहे. उपचारासाठी ते मुंबईत डॉ. मालवणकरांकडे जात. त्याच काळात त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी परिचय झाला. पुन्हा लग्न करायचे नाही हा निश्चय का मोडावा लागत आहे, हे त्यांनी आपल्या नाशिकच्या कर्मवीर दादासाहेब गायकवाडांना पत्राने कळवले. प्रकृतीची काळजी घेणारे, वैद्यकीय ज्ञान असलेले माणूस घरात हवे होते. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत नोंदणी पद्धतीने हा विवाह झाला. हा निर्णय शास्त्रशुद्ध होता. काम शिल्लक आहे, म्हणून शरीर टिकले पाहिजे. या विवाहावर आणि पुढे माईसाहेबांवर आपल्याच लोकांनी किती संशय घेतला! त्या संशयावर चळवळ वर्षानुवर्षे बोलली. मधुमेहावर मात्र बोलली नाही.

ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना लिहिले की, प्रकृती चिंताजनक आहे, उपचाराला जाण्याआधी हिंदू कोड बिल मार्गी लावा. बिल रखडवले गेले. २७ सप्टेंबरला त्यांनी राजीनामा दिला आणि निवेदनात स्पष्ट केले की, आजारपण हे राजीनाम्याचे कारण नाही, आजाराच्या सबबीवर कर्तव्य सोडणारे आपण नाही. त्यांनी आजार लपवला नाही आणि त्याची ढालही केली नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात हातात काठी घेऊन त्यांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. नोव्हेंबरात काठमांडूच्या बौद्ध परिषदेला गेले. ५ डिसेंबरच्या रात्री ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेवर नजर टाकली आणि ६ डिसेंबरला झोपेतच महापरिनिर्वाण झाले. वय अवघे पासष्ट. पुढच्या दहा वर्षांत त्यांच्या हातून काय घडले असते, या विचाराने आजही काळीज हलते.

आणि आम्ही? वीस वर्षे कोर्टातल्या जुन्या फायलींच्या धुळीने काही झाले नाही, आता त्याच धुळीने शिंका सुरू होतात, दम लागतो. त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या चढताना मध्येच बसावे लागते. कालपर्यंत पचणारे अन्न, चालणारे औषध अंगावर उठते. तरी आम्ही मोर्चा, बैठक आणि कटिंग चहावर दिवस काढतो, रक्त तपासत नाही आणि वर सांगतो की, बाबासाहेबसुद्धा असेच जगले. नाही! बाबासाहेब असे जगले नाहीत. त्यांच्यावर ती पाळी आणली गेली होती, आणि त्यातही त्यांनी डॉक्टरांचे ऐकण्याची धडपड केली.

तथागतांनी दुःख आहे असे सांगून थांबले नाहीत, त्याचे कारण शोधायला सांगितले. बांधवांनो, भगिनींनो, चाळिशी ओलांडली असेल तर वर्षातून एकदा तरी साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. कुठले औषध सोसत नाही, ते चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. जयंतीच्या वर्गणीतून डीजेऐवजी विहारात तपासणी शिबिर घ्या. ज्यांनी आपल्यासाठी शरीर झिजवले, त्यांचे काम पुढे न्यायला आपले शरीर धड हवे.

जय भीम! नमो बुद्धाय!